आईची दुसरी मोजणी

९ जानेवारी

प्रिय धाकटे,

रविवारी दुपारी जेवणं झाली की आई मागच्या पायरीवर जुना टॉवेल अंथरायची आणि आपल्या दोघींचे कॅनव्हासचे बूट पांढरे करायला बसायची. आठवतं तुला? ओल्या चिंधीवर ती पांढरी वडी घासायची. तुझ्या बुटाला बोटापाशी भोक होतं, तिथे आतून पुठ्ठा लावायची आणि वरून दोनदा रंग द्यायची. तू म्हणायचीस, "सिस्टरना कळेल." आई म्हणायची, "सिस्टर बूट बघतात, पुठ्ठा बघत नाहीत." मग बूट सुकेपर्यंत आपण तिघी पायरीवर बसून राहायचो. सोमवारी शाळेत सिस्टरांची तपासणी: नखं, रिबिनी, रुमाल, बूट. आपल्याला कधी कुणी रांगेबाहेर काढलं नाही.

एवढंच आठवलं म्हणून लिहायला बसले, असं म्हटलं तर तुला खरं वाटणार नाही. गेल्या चार वर्षांत मी तुला वाढदिवसाची कार्डं पाठवली आणि तू त्यांची पोच दिलीस. याच टेबलाशी बसून तू म्हणाली होतीस, आईला माणसं ओळखू येतायत तोवरच तिला एखाद्या चांगल्या वृद्धनिवासात ठेवू या, रुळेल ती. त्यावर मी जे बोलले ते आपल्या दोघींनाही पाठ आहे. उगाळत नाही.

फोन का करत नाही ते सांगते. घरातला फोन मी काढून कपाटात ठेवलाय. घंटा वाजली की आई उठते. उठली तर काय झालं, असं तुला वाटेल. ती ड्यूटीवर जायला उठते. ती ऑपरेटर होती ते टेलिफोन एक्स्चेंज बंद झालं, त्या जागी कपड्यांचं दुकान आलं, त्यालाही जमाना लोटला. पण घंटा ऐकली की तिला तिच्या बोर्डापाशी पोचायचं असतं, आणि मधे भिंत आली तर भिंतीचाच राग येतो. मोबाइलवर म्हणशील, तर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो. कागदावर तू मला मधेच तोडू शकत नाहीस.

आई कशी आहे ते एका वाक्यात सांगता येत नाही. चमचे घेऊन ड्रॉवरच्या फटींत खोचत बसते. एक काढते, दुसरीकडे खोचते. कॉल जोडते. आंघोळीला वेळ लागला की ट्रंक कॉलवर विचारायची तसं म्हणते, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" मी म्हणते, "वाढवा." मग केस धुऊ देते. अशा वेळी हसू येतं. बाकीच्या वेळांचं लिहीत नाही.

पुढच्या गुरुवारी नगरपालिकेच्या वृद्धसेवा कार्यालयातून एक बाई येणार आहेत. म्हाताऱ्या माणसाला किती मदत लागते ते त्या घरी येऊन बघतात आणि गट देतात, पहिला ते पाचवा. त्यावर सगळं ठरतं. पहिला गट मिळाला तर आठवड्यातून दोनदा कुणीतरी येऊन केरवारे करून जाणार. चौथा किंवा पाचवा मिळाला तर त्यांच्या निवासात पलंग. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई याला मोजणी म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

मी पलंग मागणार आहे. पुन्हा वाच हवं तर, चुकून लिहिलेलं नाही. तुझ्याकडे काही मागत नाही. फक्त तुला बाहेरून कळायला नको.

माझी तब्येत उत्तम.

ताई

२४ जानेवारी

प्रिय धाकटे,

मोजणी झाली. पहिला गट.

मी काय केलं ते ऐक, म्हणजे हसशील. बुधवारी आईला नीट न्हाऊ घातलं. पडदे धुतले. तिचा राखी स्वेटर काढला, मोत्याच्या बटणांचा. नखं कापली, केस विंचरून मागे पिना लावल्या, गालांना थोडी पावडर. पलंगावर इस्त्रीची चादर, टेबलावर फुलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिच्या कानाशी धोशा लावला, आज गुरुवार, आज गुरुवार. माझ्या डोक्यात एकच, घरी कुणीतरी येणार आहे. कुणी येणार असलं की काय करायचं ते आपल्या अंगात इतकं मुरलंय, की ती बाई कशासाठी येतेय हा विचार मनाला शिवलाच नाही.

बाई माझ्याहून लहान. आखूड केस, सर्दीने लाल झालेलं नाक, त्यावरून चष्मा सारखा घसरत होता. चष्म्याच्या दुकानातली नोकरी सुटली तरी सवय सुटत नाही, पर्समध्ये तो बारका स्क्रूड्रायव्हर असतोच माझ्या. म्हटलं, "द्या इकडे." दांडीचा स्क्रू पिळून दिला. "अगंबाई, किती दिवसांनी जागेवर राहिला," त्या म्हणाल्या. झालं, आम्ही मैत्रिणी.

मग त्यांनी आईला प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि आईने एक्स्चेंजचा आवाज काढला. तो आवाज मी कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. पाठ ताठ, हनुवटी किंचित वर, आणि प्रत्येक शब्द पुसून ठेवल्यासारखा.

"आजी, आज वार कोणता?"

"का, तुमच्या ऑफिसात कॅलेंडर नाही?"

"आहे हो. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"गुरुवार. गुरुवारी लाइन मोकळी असते."

"आंघोळ तुमची तुम्हीच करता?"

"माझ्या वतीने दुसरं कोण करणार?"

बाई हसल्या. मीही हसले, धाकटे.

"स्वयंपाकाचं कसं?"

"दोन मुली आहेत मला. थोरली करते, धाकटी नावं ठेवते."

"रात्री उठावं लागतं का?"

"नाइट ड्यूटी असली की."

त्या पुन्हा हसल्या आणि काहीतरी लिहिलं. आईने विनोद केला असं त्यांना वाटलं. मी मधे तोंड घातलं, म्हटलं, "बाई, ही खरंच उठते, दाराची कडी..." तेवढ्यात आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. पाहुण्यांसमोर आपण आगाऊपणा केला की बघायची तसं. आणि मी या वयात गप्प बसले.

निघताना बाईंना ती दारापर्यंत पोचवायला गेली. "आपला कॉल संपला, धन्यवाद," म्हणाली. बाई जिना उतरताना मला म्हणतात, "नशीबवान आहात. इतकी हजरजबाबी आई या वयात कुणाला मिळते?"

दार लावून मागे वळले तोवर आई खुर्चीत बसली होती आणि खुर्ची ओली झाली होती. पुढचे दोन-तीन दिवस ती नुसती पडून राहिली, तोंड उघडं, डोळे छताला. मला ओळखेना, चमच्यांनाही हात लावेना. शिल्लक होतं-नव्हतं ते सगळं त्या तासाभरात तिने त्या बाईंना देऊन टाकलं होतं.

केरवारे करायला एक मुलगी येते आता. चांगली आहे. आईला हात लावायची तिला परवानगी नाही.

ताई

१७ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, पण मिळालं. त्यातली पहिली 'मी तेव्हाच सांगितलं होतं'. ठीक आहे, ती ओळ तुझ्या हक्काची आहे.

खाजगी निवासाचं विचारतेस. जाऊन आले. अंगणात बाकं, जिन्याला गालिचा, आणि स्वागताला एक मुलगी, जी दर वाक्यात माझं नाव घेत होती. तिने महिन्याचा आकडा सांगितला तो मला वर्षाचा वाटला. तुझा वाटा आणि माझा वाटा एकत्र केला तरी आईने त्यांच्याकडे वर्षाच्या आत मरायला हवं, असा तो हिशोब होता. मी तिचे आभार मानले, माहितीपत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि बसस्टॉपवर जाऊन बसले. दोन बस गेल्या, मी उठले नाही. माहितीपत्रकातल्या सगळ्या म्हाताऱ्या बायका हसत होत्या. सगळ्यांना दात होते.

आईला सांभाळायला येणारी दिवसाची मावशी होती ना, जिच्या जिवावर मी बँकेत, दवाखान्यात जाऊन येत होते, ती गेली. आईने तिला चिमटे काढले, तिच्या अंगावर थुंकली, ते सगळं तिने सोसलं. गेली ती कमरेपायी. "ताई, पगाराचं काही नाही," म्हणाली. "तुमच्या आईला उचलताना आता माझ्या कमरेत कट्ट वाजतं. मला अजून माझ्या आईला उचलायचंय." मी तिला चहा दिला. जाताना तिने आईचा पापा घेतला, आणि आईने तिला विचारलं, "कुठला नंबर हवाय?"

तेव्हापासून आम्ही दोघीच. गॅसच्या शेगडीची बटणं मी काढून खिशात ठेवते. बाजारात जाताना बाहेरून कुलूप लावते. लावते म्हणजे लावावंच लागतं. परवा परत आले तर दारापलीकडून आवाज येत होता. आई कुलपाच्या भोकाला तोंड लावून, त्याच गोड आवाजात, पुन्हा पुन्हा सांगत होती, "क्षमा करा, या मार्गावरची लाइन बंद आहे. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा." मी पिशवी पायरीवर ठेवली आणि शेजारी बसले. आत जायला जरा वेळ लागला मला.

माझा उजवा हात दारात सापडला म्हणून अक्षर असं आलंय. सिस्टरनी पाहिलं असतं तर पट्टी मारली असती.

शिंपीणबाई माझ्या कोटाला अस्तर लावून द्यायला वर आल्या होत्या. मोजणीची हकीकत ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

"पावडर लावलीत? अहो, फोटो काढायचा होता का?"

"घरी कुणी येणार म्हटल्यावर..."

"माझ्या सासूच्या वेळी मी काय केलं माहितीये? काही नाही. मोजणीआधी चार दिवस काही म्हणजे काही केलं नाही. बाईंनी घरात पाऊल टाकलं आणि नाकाला रुमालच लावला. पाचवा गट." मग तोंडातली टाचणी काढून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पण तुमच्यासारख्यांना नाही जमायचं ते."

"आमच्यासारख्या म्हणजे कशा?"

"इस्त्रीच्या."

मी पुन्हा मोजणीसाठी अर्ज दिलाय. मार्चमध्ये येतील.

तू येऊ का म्हणून विचारलंस. एवढ्यात नको. घर आवरलेलं नाही.

ताई

१४ मार्च

प्रिय धाकटे,

मोजणी मंगळवारी झाली. गट अजून कळलेला नाही. हे पत्र टाकेन की फाडेन तेही अजून ठरलेलं नाही, त्यामुळे सगळं लिहिते.

मी काही केलं नाही. इतकंच केलं की काही केलं नाही. शनिवारी तिची आंघोळ टाळली. रविवारी टाळली. सोमवारी तिच्या केसांना वास यायला लागला तेव्हा मी खिडकी उघडली आणि मग आठवलं, ती उघडायची नाही, आणि लावली. कवळी पेल्यातच राहू दिली. मंगळवारी सकाळी चादर ओली होती, ती बदलली नाही. आपल्या घरात मी ओल्या चादरीच्या शेजारून चालत गेले आणि परत आले.

हे सगळं जमलं. शिंपीणबाईंना सांगायला हवं, जमलं म्हणून. पण मला धास्ती होती ती त्या आवाजाची. बाई आल्या आणि आई पुन्हा सावरून बसली, पुन्हा गुरुवार आणि कॅलेंडर सुरू झालं, तर या चार दिवसांचं करायचं काय? आई भुकेली असली की तिचं सगळं सुटतं, तो आवाजही. हे मला माहीत आहे, दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नाही. बाई दहाला येणार होत्या. मी चहा केला, पावाला लोणी लावलं, बशी ओट्यावर ठेवली. आणि दिली नाही.

बाईंची बस चुकली. त्या बऱ्याच उशिरा आल्या.

तोवर ती मागत होती. मला "अहो बाई" म्हणत होती. "अहो बाई, काही आहे का हो? थोडंसं?" भांडत नव्हती. एखाद्या दुकानात संकोचून विचारावं तसं विचारत होती. मी चौकटीला धरून उभी राहिले. तिथून हलले असते तर दिलं असतं, म्हणून हलले नाही.

मोजणीबाई त्याच होत्या. आत आल्या, थबकल्या. नाकाला रुमाल नाही लावला त्यांनी. सरळ जाऊन आईच्या पायाशी उकिडव्या बसल्या.

"आजी, काय होतंय?"

"भूक."

"काही खाल्लं नाही का?"

"सकाळपासून सांगतेय. ही बाई देत नाही."

"कुठली बाई?"

आईने माझ्याकडे बोट केलं. "ती. नुसती उभी राहून बघते. आहे खायला तिथे. मला वास येतोय ना."

"आजी, ती तुमची मुलगी आहे."

आईने माझ्याकडे बघितलं. नीट, चेहऱ्यावरून नजर फिरवत बघितलं. मला वाटलं, आता ओळखणार. ओळखलं असतं तर सगळं फुकट गेलं असतं, तरी मला वाटत होतं, ओळखू दे.

"छे," ती म्हणाली. "माझी थोरली असती तर तिने मला असं ठेवलं नसतं."

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. चहावर साय धरली होती. त्यांनी तो तसाच आणला, पाव त्यात बुडवून मऊ केला आणि आईला घास घास भरवला. कवळी कुठे आहे ते विचारलं नाही. मी अजून चौकटीतच. भरवून झाल्यावर त्या मला बाहेर घेऊन आल्या.

"मागच्या वेळी मी आले तेव्हा तुमचं घर..." असं म्हणून थांबल्या. त्यांचा चष्मा नाकावर घट्ट बसलेला होता. "तुम्हाला काही सांगायचंय का? सांगाल ते मी लिहीन. नाहीतर जे पाहिलं ते लिहीन."

काय सांगणार होते? की बाई, हे सगळं मी मुद्दाम केलं, एरवी मी तिला फुलासारखी ठेवते? मग पुन्हा पहिला गट, पुन्हा केरवारे, आणि पुन्हा कुलूप.

"पाहिलं ते लिहा," मी म्हटलं.

त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली तेव्हा मी बाही खाली ओढली. हात दारात सापडला नव्हता, धाकटे. केसांत कंगवा घातला म्हणून तिने पितळी फुलदाणी मारली होती. आधीही मारलंय. शिंपीणबाई म्हणतात, ते एक मनगट दाखवलं असतं तर काही करावंच लागलं नसतं, तेवढ्यावर पलंग मिळाला असता. असेलही. पण आईने मला मारलं, हे परक्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

ताई

२ एप्रिल

प्रिय धाकटे,

आईला पलंग मिळाला. गेल्या आठवड्यात नेलं तिला.

गटावर नाही मिळाला. गट तिसराच आला. पण खाली वेगळा शेरा होता, 'घरी ठेवणे सुरक्षित नाही', आणि तसं असलं की रांग लागत नाही, लगेच नेतात. न्यायला दोघं आले होते, फार हळुवारपणे वागले. आईशी. मला त्यांनी बाजूला उभं राहायला सांगितलं. तिची बॅग भरायला घेतली तर म्हणाले, "राहू द्या, आम्ही भरतो." तिला कुठले मोजे टोचतात ते सांगायचं होतं, पण त्यांनी विचारलं नाही आणि मी घुटमळत राहिले.

नंतर कार्यालयात बोलावलं होतं. दोन माणसं, टेबलावर पाण्याचा ग्लास, माझ्यासाठी. मी दमले होते का, मला राग यायचा का, असं विचारलं. मी म्हटलं, दमले होते. ते खरं आहे. मग नियम सांगितले. मला मंगळवारी दुपारी हॉलमध्ये भेटता येईल, सेविका हजर असताना. खायचं काही न्यायचं नाही. तिला हाताला धरून उठवायचं नाही, बाहेर न्यायचं नाही. आणि जबाबदार नातेवाईक म्हणून माझं नाव चालणार नाही, दुसरं कुणी हवं. दुसरी तूच आहेस.

तुझं पत्र वाचलं. तू कार्यालयात लिहिणार आहेस, माझ्या ताईने आयुष्य घातलंय, हा अन्याय आहे वगैरे. चार वर्षांत तू माझ्याबद्दल असं काही म्हणशील असं वाटलं नव्हतं. ते पान मी वेगळं ठेवलंय. पण लिहू नकोस. विचार कर. त्यांना पटलं की मी बरी मुलगी आहे, तर आईला घरी ठेवणं सुरक्षित ठरेल. सुरक्षित ठरलं की तो पलंग तिसऱ्या गटाच्या बाईचा नाही. माझ्या नावावरचा डाग पुसायचा म्हणजे आईला पुन्हा या दारामागे आणून कुलूप लावायचं. आणि आता मला ती उचलत नाही. डॉक्टर म्हणतात, माझे दोन मणके सरकलेत. एवढं तुला सांगितलं नव्हतं.

मंगळवारी गेले होते. ती जराशी भरलीय. केस आखूड कापलेत, भांग उजवीकडून पाडतात. सवयीने माझा हात पुढे गेला तर सेविका खाकरली. बाई वाईट नाही. विणकाम घेऊन बसते, टाके मोजता मोजता माझ्या हातांवर लक्ष ठेवते.

आईने मला बराच वेळ न्याहाळलं. मग म्हणाली, "तुम्ही त्याच ना, उभ्या राहणाऱ्या?"

"हो," मी म्हटलं.

"मग बसा ना आता."

मी बसले. तिने मला सांगितलं की तिची थोरली येणार आहे, शाळा सुटली की. मुलगी फार गुणाची आहे, फक्त जरा हळवी. धाकटी तिखट आहे, पण धाकटीची काळजी नाही. मी ऐकत होते. सेविकेनेही सुया थांबवल्या होत्या. परत येताना मी चुकीच्या बसमध्ये बसले आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले.

ताई

२३ एप्रिल

प्रिय धाकटे,

शुक्रवारी तू येतेस, सही करतेस, हे वाचून पाठ जरा हलकी झाली. मी घरी नसेन. शिंपीणबाईंच्या नणंदेकडे एक खोली मिळालीय, खिडकी आहे, जिना नाही. गुरुवारीच जाते. आपण समोरासमोर आलो तर तू सही करणार नाहीस, माझी बाजू घेऊन भांडत बसशील, हे मला माहीत आहे. नंतर भेटू. नक्की भेटू.

आईच्या नावावरचं हे घर निवासाच्या खर्चापोटी कार्यालयाकडे जमा होतंय. ती शिक्षा नाही, सगळ्यांना तोच नियम. महिनाअखेर रिकामं करून द्यायचंय. आईला तिथे एक कपाट आणि एक खुर्ची ठेवता येते, त्याहून जास्त काही नेता येत नाही. ती जिवंत असताना तिच्या वस्तू वाटायच्या हे विचित्र आहे, पण कुणीतरी वाटणारच, तर आपण वाटू या. किल्ली शिंपीणबाईंकडे आहे.

आईसाठी पलंगावर दोन पिशव्या भरून ठेवल्यात. गाउन, लोकरीची शाल, पायमोजे. टोचणारे मोजे मी टाकून दिले. प्रत्येक कपड्यावर शिंपीणबाईंनी तिचं नाव शिवलंय, त्यांना पैसे द्यायला गेले तर रागावल्या, म्हणून हॉलमधला मोठा आरसा त्यांना दे, गिऱ्हाइकांसाठी. तो भिंतीवरून काढायला दोघं लागतील. चाकांची खुर्ची, आंघोळीचा पाट आणि पलंगाचा कठडा मावशीकडे पोचव, तिच्या आईसाठी. पत्ता कठड्याला बांधलाय. नको म्हणेल, ऐकू नकोस. पुस्तकं शाळेला. आत आपली नावं आहेत, राहू देत. केरवारे करणाऱ्या मुलीला शिलाईची कात्री हवी होती, तिने मागितली नाही पण ती दोनदा हातात घेऊन बघत होती. ती तिला.

जेवणाच्या बश्या तुला. एक कमी आहे, ती आपण दोघींनी फोडली होती आणि दोघींनी एकमेकींचं नाव सांगितलं होतं. आईच्या कुड्याही तुला. त्या तिच्या कानांत आता राहत नाहीत.

कपाटाच्या वरच्या फळीवर एका डब्यात तिचा हेडफोन आहे, निवृत्तीच्या दिवशी एक्स्चेंजच्या लोकांनी दिलेला. तो तू घरी ने, पण तिला देऊ नकोस. मागितला तरी देऊ नकोस. तो कानांवर चढवला की ती सावरून बसेल, आणि तिथेही वरचेवर मोजणी होते.

मला काही नको. मंगळवारचा तास आहे.

ती तुला थोरली म्हणेल. दुरुस्त करू नकोस, हो म्हण. शाळा कशी झाली विचारेल, तर चांगली झाली म्हण. तू भांग बदललास तर सेविका खाकरणार नाही, तेव्हा डावीकडून पाड, आणि कंगवा आधी तिला दाखव, मगच केसांत घाल.

मोजणीबाई एकदा येऊन तुझ्याशी बोलतील. त्यांना वाटत असतं की काहीतरी बघायचं राहून गेलं. कार्यालयातून मी निघाले तेव्हाही त्या दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या. त्या माझ्याबद्दल विचारतील. तू चिडशील, खरं काय ते तुझ्या ओठांवर येईल, तरी सांगू नकोस. आमची ताई पहिल्यापासून अशीच, एवढं त्यांना दे. त्याहून जास्त काही देऊ नकोस.

ताई